साडूभाऊंचा भीम

कादंबरी लिहितोय एवढं सांगितलं की जगातलं कुठलंही काम टाळता येतं, हे आमच्या साडूभाऊंनी भिवंडीत येऊन सिद्ध केलं. दळण आणायचं? कादंबरी. गॅसचा नंबर लावायचा? कादंबरी. लग्नाला जायचं म्हटलं तर मात्र सगळ्यांच्या आधी तयार, कारण पंगतीत माणसं बघायला मिळतात. बरं, कादंबरी लिहून झाली असती तर मी गप्प बसलो असतो. अर्धी झाली असती तरी बसलो असतो. यांची कादंबरी पहिल्या वाक्यावर अडली होती, आणि ते वाक्यसुद्धा पुरतं झालेलं नव्हतं. वरच्या दोन खोल्यांत बसून हा गृहस्थ एक वाक्य लिहीत होता आणि खाली कारखान्यात माझं रक्त आटत होतं. अजूनही हा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बायको म्हणते, आधी बीपीची गोळी घ्या आणि मग काय ते बोला. गोळी घेतली आहे, आता बोलतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. घाटावरचा माणूस. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर. वरून पत्र आलं की पाणी सोडायचं, नाही आलं तर पत्राची वाट बघत बसायचं, ही तिथली रीत. माणूस निवृत्त झाला पण रीत काही सुटली नाही. कादंबरी सुरू करा म्हणून कुठून तरी पत्र येणार आहे असा त्यांचा चेहरा असायचा. कल्याणला फ्लॅट घेतला होता, बिल्डरने तो रखडवला, तेव्हा ताईंना घेऊन "दिवाळीपर्यंत" म्हणून आमच्याकडे राहायला आले. कुठली दिवाळी हे विचारायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही.

आमचं घर नारपोलीत. खाली लूमचा कारखाना, वर आम्ही. कारखाना माझ्या बापाने घातलेला. आमचे लोक मूळचे खाडीकाठचे, भात पिकवणारे. शेत गेलं तेव्हा बाप म्हणाला होता, "शेत न्हाय ऱ्हायलं तं न्हाय, कापूड तं हाय." तेव्हापासून ते लूम खटखटत होते आणि त्या आवाजात मी जन्मलो, वाढलो, बहिरा व्हायला लागलो. पण आता दिवस भरत आले होते. आजूबाजूचे कारखाने एकामागून एक बंद पडून त्यांची गोदामं झाली. माझ्या पोरांनी दुसऱ्या वाटा धरल्या, त्यांना खालच्या जिन्याची पायरीही उतरायची नसते. आपणही फार काळ ओढत नाही, हे मला कळून चुकलं होतं. आणि नेमका तेव्हाच हा माणूस बॅगा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, मी कादंबरी लिहायला घेतोय. तुमच्या कारखान्यावर."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला आनंद झाला. भिवंडीचं नाव काढलं की लोक खड्डे म्हणतात, ट्रॅफिक म्हणतात. आमच्यावर कोणी कादंबरी लिहील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला स्वतःला लिहिता येत नाही, सहीच्या पलीकडे पेन कधी गेलं नाही. बापाच्या कारखान्याबद्दल घरात लिहिणारा माणूस आपण होऊन आला, आणखी काय पाहिजे? माझी इच्छा फक्त एवढीच होती की लूम चालू असेपर्यंत त्यातलं एक तरी पान व्हावं आणि ते मला खाली कारखान्यात, चालत्या लूमच्या मध्ये उभं राहून ऐकायला मिळावं. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "एक पान म्हणजे काय, तुम्हाला अख्खं प्रकरण ऐकवतो." आणि टेबल शोधायला लागले.

टेबलावरच सगळा पावसाळा गेला. पश्चिमेकडे तोंड केलं तर विचार मावळतात म्हणे, पूर्वेकडे केलं तर समोर शेजारच्या बाईचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. शेवटी उत्तर ठरली. मग लक्षात आलं की खाली लूम चालले की वरची फरशी थरथरते आणि अक्षर वाकडं येतं. टेबलाच्या पायांखाली ताईंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या आल्या. घड्या आल्या तर टेबल उंच झालं, म्हणून खुर्चीखाली पाट आला. एवढी सगळी मांडामांड करून हे काय लिहून बसले, तर अर्पणपत्रिका. म्हणजे कादंबरी अजून पोटात नाही आणि बारशाच्या घुगऱ्या शिजून तयार. "माझे साडू, ज्यांच्या छपराखाली ही कादंबरी जन्मली, त्यांस." वाचून माझा ऊर भरून आला. दुसऱ्या आठवड्यात मी सहज म्हटलं, की खोलीत कोणी नसताना पंखा बंद करत जा. झालं. संध्याकाळी अर्पणपत्रिकेवर माझ्या जागी पाटबंधारे खात्यातला कोणी दिवंगत सहकारी येऊन बसला. रविवारी मटण केलं तेव्हा मी परत आलो. पुढे कधी काही कारण नसतानाही मी त्या पानावरून गायब व्हायचो. बायको सकाळी चहा देताना विचारायची, "आज आहात का?"

त्यात यांना दमा. कारखान्यात सुताची भुकटी उडते, आत पाऊल टाकू नका म्हणून डॉक्टरने बजावलेलं. त्यामुळे ज्या कारखान्यावर कादंबरी, तो कारखाना यांनी आतून बघितलेलाच नव्हता. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून नुसते कान लावायचे. मी म्हटलं, निदान दारात उभे राहून एकदा नजर तरी टाका. तर म्हणाले, "नको. बघितलं की कल्पना मरते." पण आवाजाशिवाय यांचं पान हलत नसे हे मात्र खरं. लाइट गेली की लूम थांबायचे, माझे कामगार बाहेर येऊन बिड्या काढायचे, माझं नुकसान मी मनातल्या मनात मोजत उभा असायचो, आणि अशा वेळी जिन्यातून आवाज यायचा, "साडूभाऊ, थांबलात का? वाक्य अर्धं राहिलं." जसं काही मी गंमत म्हणून लूम बंद केलेत. एकदा कोणीतरी सांगितलं की लिहायला शांतता लागते. तर बिछाना बांधून गणेशपुरीला निघाले, चांगले आठ दिवस राहतो म्हणाले. मी स्वतः स्टँडवर जाऊन एसटीत बसवून आलो आणि येताना जिलबी आणली, एवढा मला आनंद झाला होता. जिलबी संपायच्या आत गृहस्थ बिछान्यासकट दारात. "भयंकर शांतता आहे हो तिथे," म्हणाले. "माझे कान दुखायला लागले."

आणि वाचनाची सवय. वाक्य डोळ्यांनी वाचून यांना पटत नसे, मोठ्याने वाचून बघावं लागे. खाली लूम चालू, म्हणजे मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने ते समजून घ्या. खिडकीत उभे राहून हे ओरडत, "भीमला उचलून आणलं तेव्हा उजाडलं होतं." हे ते वाक्य. सगळ्या गल्लीला ते पाठ झालं. पानवाल्याला मराठी धड येत नाही, तोही पान लावताना "भीमला उचलून आणलं" म्हणायचा. एखाद्या सकाळी "उजाडलं होतं"चं "तांबडं फुटलं होतं" झालं की गल्लीत चर्चा. आमचे सगळ्यात जुने कारागीर इद्रिस चाचा, गाव यूपीत पण उमर सगळी नारपोलीत गेलेली, ते मला म्हणायचे, "सेठ, राइटर साहब ने आज फिर सुबह बदल दी." गल्लीला त्या वाक्यात काही खटकत नव्हतं. भीम तर आमच्याकडे रोजच उचलून आणतात. मला त्यातला 'ला' जरा खटकायचा. भीमला कशाला, भीम उचलून आणला म्हणतात. पण मी मनाशी म्हटलं, घाटावरची भाषा असेल, किंवा कादंबरीत तसं लिहीत असतील. आपल्याला काय कळतंय.

एका शुक्रवारी कारखान्याला सुट्टी होती. जेवणं झाली होती, खाली ओट्यावर मी आणि इद्रिस चाचा बसलो होतो. साडूभाऊ खाली आले, अगदी मऊ आवाजात चाचांना म्हणाले, "चाचा, दुसरं वाक्य अडलंय. मला एवढंच सांगा, भीमची बायको कुठे असते? गावाला?"

चाचा म्हणाले, "किसकी बीवी?"

"भीमची. तुमच्या भीमची."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "सेठ, इनकी तबियत तो ठीक है?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जिन्यावर बसून यांनी काय काय ऐकलं होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. "सकाळी मागच्या दाराला टेम्पो येतो आणि तुम्ही ओरडता, भीम आला, चौघं जण या. म्हणजे माणूस एवढा धिप्पाड तरी असणार, नाहीतर एवढा प्यायलेला. मग म्हणता, भीम चढवा. म्हणजे आणखी पाजता. मग, भीम ढिला पडला. मग, भीम ताणून धरा. आणि एक दिवस तुम्ही ओरडता, भीम संपला, दुसरा आणा." इथे ते ओट्यावर टेकले. "साडूभाऊ, पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. माणूस संपतो आणि मालक म्हणतो दुसरा आणा. म्हणून तर मी तुम्हाला अर्पणपत्रिकेतून काढत होतो. पंखा हे नुसतं निमित्त."

आता तुम्हाला सांगतो भीम म्हणजे काय. लूमच्या मागच्या अंगाला बसवायचा जाडजूड लोखंडी रूळ. त्यावर उभ्या धाग्यांचं सूत गुंडाळून येतं. तो भरलेला असला की चौघांना उचलावा लागतो. लूमवर बसवला की चढवला. त्यावरचं सूत विणून झालं की भीम संपला, दुसरा आणायचा. इंग्रजीतल्या बीमचा आमच्या लोकांच्या तोंडी भीम झाला, तो माझ्या बापाच्याही आधीपासून. भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आणि हा माणूस माझ्या घरात राहून, माझं मटण खाऊन, वर बसून मला कसाई समजत होता. एवढे महिने.

मी काय काय बोललो ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. इद्रिस चाचा हसून हसून ओट्यावरून खाली बसले होते आणि त्यामुळे मला आणखीच चेव येत होता. मी म्हटलं, "अहो, भीम लोखंड आहे लोखंड! त्याला बायको कुठली?" साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग 'भीम उचलून आणला' असं पाहिजे. 'भीमला' नाही. एका 'ला'ने सगळं गेलं." आणि जिना चढून वर गेले. त्या संध्याकाळी त्यांनी ताट परत पाठवलं. बायको मला म्हणाली, इतकं बोलायची काही गरज होती का? मला काय आवडतं बोलायला? माझा कारखाना संपत चालला होता आणि त्याच्यावर लिहिणाऱ्याला तो कशाचा आहे हेच माहीत नव्हतं, याचा राग मी कोणावर काढणार?

दुसऱ्या दिवशी ते खाली आले तेव्हा चेहरा शांत होता. म्हणाले, "साडूभाऊ, मी 'ला' ठेवतो."

मी म्हटलं, "लोखंडाला?"

"तुम्ही ओरडता तेव्हा तो मला माणूसच ऐकू येतो. त्याला मी काय करू?"

मी कपाळावर हात मारला. बरं, चूक तर चूक, निदान ती घेऊन पुढे तरी जा. ते नाही. आता म्हणे सगळी कादंबरी मुळापासून नव्याने विचारात घ्यायला हवी. मुळापासून म्हणजे काय, एका वाक्याला मूळ ते केवढं. मग मीच एकदा त्यांना समोर बसवून समजावलं. म्हटलं, हे बघा, नवा भीम लूमवर चढवला की पहिलं हातभर कापड वेडंवाकडंच निघतं. ताण बसलेला नसतो, धागे तुटतात. ते हातभर कापड आम्ही चिंधीत टाकतो. दरवेळी टाकतो. म्हणून काय कोणी लूम बंद ठेवून बसतं? पहिली पानं चिंधीत जाणार असं धरून चाला. लिहा आणि फेका, पण लूम चालू करा. माझ्या आयुष्यात मी कोणाला एवढं शहाणपणाचं बोललो नसेन. साडूभाऊंचे डोळे चमकले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चिंधी. काय शब्द दिलात." आणि पुढचा सगळा हिवाळा कादंबरीचं नाव 'भीम' ठेवावं की 'चिंधी' यावर विचार करत बसले. मी पुन्हा अर्पणपत्रिकेवर आलो, तो फायदा झाला म्हणायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी निर्णय घेतला. आता चढलेत ते शेवटचे भीम, नवे मागवायचे नाहीत. बायकोला सांगितलं, कामगारांना सांगितलं, आणि मग वर जाऊन साडूभाऊंना सांगितलं. ते पोहे खात होते. म्हटलं, जे काय लिहायचं ते आता लिहा, लूम थांबायच्या आत मला एक पान ऐकवा, आधी बोललो होतो ते आठवतं ना? ते म्हणाले, "घाई केली की वाक्य कच्चं राहतं, साडूभाऊ." एवढंच म्हणाले, पण माझं डोकं फिरलं. पोह्यांची बशी मी त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतली. म्हटलं, "तुम्ही कालव्याचं पत्र येईल म्हणून बसलायत. माझं पत्र येऊन गेलं. माझ्या बापाने उभं केलेलं सगळं आता भंगारात जाणार, आणि ते होतं असं सांगणारं एक वाक्यसुद्धा तुमच्याने होत नाही? मग राहताय कशाला इथे?" ताई दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूभाऊंनी मान खाली घातली. बशी हातात घेऊन मी जिना उतरलो आणि खाली आल्यावर मला कळेना की या पोह्यांचं आता काय करायचं.

मग एकेक लूम थांबत गेला. ज्याचा भीम संपेल तो बंद. आवाज दिवसेंदिवस पातळ होत चालला. आमचं बोलणं बंद होतं, पण वर फेऱ्या मारल्याचा आवाज यायचा आणि जिन्यावर ते जास्त वेळ बसलेले दिसायचे. खिडकीतून ओरडणं थांबलं होतं. पानवाल्याने मला विचारलंसुद्धा, "सेठ, राइटर साहब बीमार हैं क्या?" शेवटी एकच लूम उरला, इद्रिस चाचांचा. एका दुपारी त्याचंही सूत संपलं आणि चाचांनी लूम थांबवला. आधीच्या धाग्यांची टोकं लोंबत होती. एरवी त्याच टोकांना नव्या भीमाचे धागे एकेक करून गाठी मारून जोडतात आणि कापड पुढे चालू होतं. चाचांचा हात सवयीने त्या टोकांकडे गेला, बोटांत त्यांनी ती धरली, आणि मग सोडून दिली.

मी दारातून ओरडलो, "भीम संपला." ओरडायची काही गरज नव्हती. पण त्या कारखान्यात मी जन्मात कधी हळू बोललो नव्हतो. लूमचा आवाज नसल्यामुळे माझा आवाज मलाच केवढा तरी वाटला. जिन्यावर पावलं वाजली. साडूभाऊ नाकाला टॉवेल धरून खाली आले, उंबऱ्यापाशी थबकले आणि आत आले. पहिल्यांदाच. सगळीकडे उभे असलेले बंद लूम त्यांनी पाहिले, छपराला लोंबणारी भुकटी पाहिली. मग मला विचारलं, "कुठे आहे?"

मी चाचांच्या लूमच्या मागे बोट दाखवलं. ते तिथे गेले, वाकले आणि रिकाम्या रुळावर हात ठेवला. माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग अगदी हळू म्हणाले, "मग दुसरा आणा ना."

"नाही आणायचा," मी म्हटलं.

त्यांना ढास लागली. मी म्हटलं, चला बाहेर, दम लागेल. ते हलेनात. चाचांनी स्टूल आणून दिलं, त्यावर बसून राहिले. इतके दिवस मी ज्या माणसावर दात ओठ खात होतो तो माझ्या कारखान्यात बसून खोकत होता, आणि मला त्याला धड शिवीही देता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. वरच्या खिडकीतून ओरडणं ऐकू आलं. आवाज तोच, जसे खाली सगळे लूम चालू आहेत. "भीम संपला तेव्हा दुसरा आणा असं कोणी म्हणालं नाही." गल्लीत सगळं शांत होतं त्यामुळे ते पार टोकापर्यंत गेलं. पानवाला टपरीतून बाहेर येऊन वर बघत उभा राहिला. मी कप खाली ठेवला. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आणि त्याच वेळी एवढा राग आला की मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. म्हटलं, "हे परवा का नाही सुचलं? परवा लूम चालू होता. मला खाली उभं राहून ऐकायचं होतं. तेवढं एकच मागितलं होतं मी तुमच्याकडे."

साडूभाऊ म्हणाले, "परवा तो संपला नव्हता ना."

मी खाली आलो. बायकोने गार झालेला चहा पुन्हा गरम करून दिला.

भंगारवाला आला तेव्हा आणखी एक तमाशा. सगळे लूम सुटे करून टेम्पोत चढत होते. इद्रिस चाचा निरोप घ्यायला आले होते, त्यांना दापोड्याला गोदामात ड्युटी मिळाली होती. आणि साडूभाऊ लुंगीवर खाली येऊन चाचांच्या लूमच्या भीमावर जाऊन बसले. ठाण मांडूनच. भंगारवाल्याची माणसं म्हणाली, अंकल, उठो. हे म्हणाले, "हा जाणार नाही. हा माझ्या कादंबरीचा नायक आहे." भंगारवाल्याने चिडून विचारलं, ये कौन है? मी उत्तर द्यायच्या आत इद्रिस चाचा म्हणाले, "राइटर साहब हैं. भीम इनका है." भंगारवाल्याने त्याचे पैसे कापून घेतले आणि बाकी सगळं नेलं. मोकळ्या कारखान्यात तेवढा एक रूळ राहिला.

तुम्हाला वाटेल आता गाडी सुटली असेल. कसली सुटते. दुसरं वाक्य अडलं. वर पुन्हा टेबल उत्तरेचं पूर्वेला आणि पूर्वेचं उत्तरेला. लूम नाहीत त्यामुळे फरशी थरथरत नाही, अक्षर सरळ येतं, आणि सरळ अक्षर बघून म्हणे यांना काही सुचत नाही. कल्याणचा फ्लॅट तयार झाला, ताई सामान बांधायचं म्हणतात, हे म्हणतात प्रकरण होऊ दे. कारखाना बघायला गोदामवाले येऊन जातात, मी अजून कोणाला हो म्हटलेलं नाही. परवा खाली झाडायला गेलो होतो. त्या भीमाच्या टोकाला गंज धरला होता, म्हणून पाना घेऊन सहज ठोकून बघितलं. खट खट, खट खट. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी थांबलो. वरही सगळं थांबलं. मी परत ठोकायला लागलो तर माझ्या डोक्यावरच्या फरशीवर पाय ताल धरायला लागला.

तेव्हापासून रोज सकाळी मी खाली जातो. वयाला शोभत नाही, मनगट दुखतं, शेजारचे लोक डोकावून जातात. बायको हसते आणि सांगते की अर्पणपत्रिकेत सध्या दोन नावं आहेत, भीमाचं आणि त्याच्याखाली माझं. खाली का, हे मी एकदा भांडून विचारणार आहे. आज सकाळी हात भरून आला म्हणून जरा टेकलो होतो. रिकाम्या कारखान्यात माझा मलाच श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात वरून आवाज आला, "साडूभाऊ, थांबलात का? वाक्य अर्धं राहिलं." मी एक सणसणीत शिवी दिली आणि पाना उचलला.